बाभळीपासून पुलापर्यंत

१

पिंपळसोंड्याच्या बॅरेजवर, नदीवरच्या गेटांच्या बंधाऱ्यावर, उकंडराव चौकीदार होता. चौकीदार म्हणजे सगळंच. सकाळी आठला पाणी किती आहे ते खांबावरच्या पट्टीवर पाहून साहेबांना फोनवर कळवायचं, गेटांच्या साखळ्यांना ग्रीस लावायचं, कठड्यावर चढून फोटो काढणाऱ्यांना हाकलायचं, आणि उरलेला दिवस पैनगंगेकडे बघत बसायचं. बॅरेज होण्याआधी संक्रांतीपर्यंत नदीत गुडघाभर पाणी उरायचं. गुरं चालत पलीकडे हिंगोली जिल्ह्यात चरून यायची. आता नदी बारमाही तुडुंब. दहा-बारा किलोमीटर वरपर्यंत पाणी थोपलेलं. नाव घाला आणि कुठंही जा. पाणी इतकं निवांत असायचं, की नदी वाहते कुणीकडे हे नव्या माणसाला सांगावं लागे.

गाव तिथून चार किलोमीटर वर. गाडीरस्ता मोठ्या फेऱ्याचा, म्हणून गावातले सगळे काठाच्या वाटेनंच येत-जात. विहाराच्या मागून वाट नदीला लागायची, पाण्यातल्या मोटारपंपांच्या रांगेवरून, तुरी-हरभऱ्याच्या वावरांच्या कडेनं पुढं यायची. शेवटी एका वाकड्या बाभळीला वळसा घातला की बॅरेजचा पूल समोर दिसायचा. तिथून पुलापर्यंत अर्धा किलोमीटर वाट सुतासारखी सरळ. तळहातावर चालल्यासारखं माणूस दिसायचं.

उकंडराव सकाळी सहाला या वाटेनं जायचा. त्याची बायको बेबीताई सव्वाअकराला डबा घेऊन निघायची आणि बारा वाजून पाच-दहा मिनिटांनी पोचायची. सात वर्षं हे असंच. पुलाच्या पायरीवर दोघं जेवायची. ती अर्धी भाकर खायची, उरलेली त्याच्या ताटात सारायची, आणि भांडी नदीत खंगाळून परत निघायची.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी ती पावणेदोनला आली.

"आज कुठी बसली होतीस वाटेत?" त्यानं विचारलं.

"कायले बसू? सरळ आली."

"पावणेदोन झाले."

तिनं पदरानं मान पुसली. "मी तं सव्वाअकरालेच निंगाली. गोमतीबाईनं पाह्यलं मले जातांनी."

त्यानं डबा उघडला. भाकरीतून वाफ निघत होती. मग त्याला काही बोलायचं कारण उरलं नाही. उशिरा निघाली असेल, कबूल करायला लाजत असेल, असं म्हणून त्यानं वांग्याच्या भाजीत भाकर बुडवली.

२

त्या आठवड्यात ती तीनदा उशिरा आली. एकदा सव्वादोन, एकदा अडीच. दर वेळी डबा गरम, दर वेळी ती सव्वाअकराला निघालेली. उकंडरावानं शेजारच्या गोमतीबाईला गुपचूप विचारून पाहिलं. ती म्हणाली, "अवो, माया दुकानातली घडी पाहूनच निंगते तुमची बायको. सव्वाअकरा म्हंजे सव्वाअकरा."

मग त्याला चपला दिसल्या.

दिवाळीला पौर्णिमानं, म्हणजे त्यांच्या लेकीनं, आईला चपला आणल्या होत्या. जाड तळाच्या, चांगल्या दुकानातल्या. पौर्णिमा अनसिंगला शाळेत शिकवायची, तिथंच राहायची. आई चपला जपून ठेवते म्हणून ती चिडली, तेव्हा कुठं बेबीताईनं डिसेंबरच्या पहिल्या तारखेला त्या पायात घातल्या. तेरा तारखेला उकंडरावानं उंबऱ्याशी एक चप्पल उलटी पडलेली सरळ करायला उचलली, तर टाचेच्या जागी आरपार भोक होतं. त्यातून त्याचं बोट पलीकडे गेलं. दुसरीचंही तेच.

"चपलाच खराब," बेबीताई म्हणाली. "आजकाल काई धड भेटते का?"

त्यानं स्वतःच्या चपला पाहिल्या. दोन वर्षांच्या. त्याच वाटेवर रोज दोनदा घासलेल्या. अजून वर्षभर सहज चालल्या असत्या.

३

रविवारी सुट्टी होती. तो म्हणाला, "चाल, आज मी येतो तुयासंग."

ती हसली. "सुट्टीच्या दिशी कोनी कामावर जाते का?"

पण गेली. सव्वाअकराला विहारामागून निघाले. तो मनात पावलं मोजत होता, तिला कळू न देता. ती मोटारपंपांवरचे कोतवाल पक्षी दाखवत होती, कोणाचा हरभरा घाट्यावर आला ते सांगत होती. बाभळीचं वळण आलं, पूल दिसला, पुलावर पोचले. बारा वाजून सात मिनिटं. काही चुकलं नव्हतं. त्याच्या छातीवरून कोणीतरी दगड उचलला.

"पाह्यलं?" तो म्हणाला. "बावन्न मिन्टं."

"तुमच्यासंग वाट भरभर सरते," ती म्हणाली. पायरीवर बसून ती पायाचा अंगठा चोळत होती. "एकटी असली का मंग ते बाभळीचं वळन दोनदा येते ना."

"काय?"

"दोनदा येते. कधी तिनदा. काल तं मी मोजलंच नाई." तिनं त्याच्याकडे पाहिलं. "तुमाले नाई येत?"

तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, चेष्टाही नव्हती. वाटेत चिखल आहे असं सांगावं, तसं तिनं सांगितलं. इतके दिवस बोलली नाही, कारण सगळ्यांनाच तसं होत असेल असं ती धरून चालली होती.

समोर पाणी आरशासारखं पडून होतं. बॅरेज झालं तेव्हा जुनी वाट त्या पाण्याखाली गेली. ही नवी, लोकांच्या पायांनी वर पाडलेली. जुनीवरही बाभळी होत्या. उकंडरावाच्या मनात हे आलं आणि त्यानं ते तिथंच दाबून टाकलं.

४

पौर्णिमानं आईला वाशिमला डॉक्टरकडे नेलं. रक्त तपासलं, साखर पाहिली, डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरांनी तिला तारीख-वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. बेबीताईनं सगळं बरोबर सांगितलं आणि वर डॉक्टरांना विचारलं, तुमी कुठले? गुडघे तिच्या वयाच्या मानानं चांगले होते.

बाहेर बसस्टँडवर पौर्णिमा हलक्या आवाजात म्हणाली, "बाबा, काही असो. आईला त्या वाटेनं एकटी पाठवू नका."

"नाई पाठवत."

त्यानं शब्द पाळला. पहाटे बेबीताई भाकरी टाकायची, तो डबा सोबत न्यायचा आणि दुपारी गार खायचा. एकट्यानं पायरीवर बसून जेवताना अर्धी भाकर डब्यातच उरायची, पण तेवढं चालतं. पंधरा दिवस असे गेले. नव्या चपला आल्या, त्या नव्याच राहिल्या. तिच्या पायाची सूज उतरली. संध्याकाळी घरी येताना तो बाभळीजवळ मुद्दाम थांबायचा, मागं-पुढं बघायचा. वळण एकदाच यायचं. आपण दोघं म्हातारे होऊन राह्यलो, एवढंच असेल, असं त्याला वाटू लागलं होतं.

५

तीन जानेवारीला साहेबांचा फोन आला. खालच्या अंगाला काहीतरी काम निघालं होतं. दोन गेट फूटभर उचलून ठेवा, माणसं येईपर्यंत पूल सोडू नका. उकंडरावानं एकट्यानं साखळी ओढून गेट उचलली. घामाघूम झाला, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की डबा घरी खुंटीलाच राहिला.

त्याला साखरेचा आजार, गोळी सकाळीच घेतलेली. साडेदहाला हात थरथरायला लागले. अकराला डोळ्यांपुढं काजवे. त्यानं घरी फोन लावला.

"डब्बा कोनाच्या हातानं पाठव."

"कोन हाय गावात? सगळे तुरीच्या मळनीवर गेले," बेबीताई म्हणाली. "तुमचा आवाज काहून असा येते? हात कापून राह्यले का?"

"थोडेसे."

"मी येते."

त्याला नको म्हणायचं होतं. पुलावर येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बिस्किटाचा पुडा मागता आला असता. पण खरं सांगायचं तर तिच्यासोबत पायरीवर बसून जेवावंसं वाटत होतं.

"ये मंग," तो म्हणाला. "पन फोन चालू ठेव."

पुढं किती तरी वेळा त्यानं हे शब्द स्वतःशी म्हणून पाहिले. ये मंग. दोनच शब्द होते.

६

बारा वाजून आठ मिनिटांनी ती बाभळीपाशी दिसली. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात डब्याची पिशवी. उकंडरावानं कपाळावर हात धरून पाहिलं, आणि त्याला इतकं हायसं वाटलं, की तो कठड्याला टेकला. तिनं हात हलवला. त्यानंही हलवला. मग गेटाची साखळी कुरकुरली म्हणून तो तिकडं वळला. पाच मिनिटं त्यात गेली.

परत पाहिलं तर ती बाभळीपाशीच होती.

थांबली नव्हती. चालत होती. मोकळा हात मागं-पुढं होत होता, पिशवी झुलत होती, लुगड्याचा घोळ पावलागणिक हलत होता. बाभळ तिच्या डाव्या खांद्याशी होती, आणि तिथंच राहत होती.

त्यानं फोन लावला. दूरवर तिनं हात कानाशी नेला.

"आलीच," ती म्हणाली. "दिसून राह्यले तुमी मले."

"कुठी हायेस तू?"

"हे काय, बाभळ मांगं पडली आता."

साडेबारा झाले. पाऊण झाला. तो फोन कानाला लावूनच उभा होता. ती बोलत होती, पौर्णिमाच्या शाळेचं, गोमतीबाईच्या सुनेचं, डब्यात आज मेथी आहे याचं. दम लागलेला नव्हता.

एकच्या सुमाराला वळणावरून शेळ्यांचा कळप आला. कळपामागं सोमला होता, तांड्यावरचा, रोज इकडंच चारायचा. शेळ्या हिरव्या लुगड्याच्या दोन्ही अंगांनी पुढं आल्या, जशा दगडाच्या दोन्ही अंगांनी आल्या असत्या. दहा मिनिटांत कळप पुलाशी पोचला.

"सोमला, वाटेत कोन भेटलं?" उकंडरावानं फोनवर हात ठेवून विचारलं.

"कोनी नाई, दादा. सामसूम हाय."

"मांगं पाह्य."

सोमलानं वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्याच्या हातातली काठी हळूहळू जमिनीला टेकली. मग तो शेळ्यांना हाकत पूल ओलांडून गेला, आणि एकदाही मागं वळला नाही.

७

उकंडराव पळत सुटला.

साठीला आलेला माणूस, पोटात अन्न नाही. तरी पळाला. फोन हातात घट्ट, आणि त्यातून तिचा आवाज. धुरळा उडत होता, डाव्या हाताला पाणी जागचं हलत नव्हतं. पळता पळता हिरवा ठिपका कधी दिसेनासा झाला ते त्याला कळलं नाही. बाभळीशी पोचला तेव्हा तिथं कोणी नव्हतं. बाभळीच्या खोडावर मुंगळे चढत होते.

त्यानं फोन कानाला लावला. "बेबी. मी बाभळीपाशी हाव. तू कुठी हायेस?"

ती हसली. "काहून थट्टा करून राह्यले? तुमी तं पुलावरच उभे."

"मी पुलावर नाई. मी पळत आलो."

"मंग हे पांढरा सदरा घालून कोन हाय? कपाळावर हात धरून पाहून राह्यले ना मायाकडं."

उकंडराव वळला.

अर्ध्या किलोमीटरवर पूल उन्हात पडला होता. पुलावर, तो मघाशी उभा होता त्याच जागी, पांढऱ्या सदऱ्याचा एक माणूस उभा होता. कपाळावर हात धरलेला.

बॅरेजवर दुसरं कोणी नव्हतं. साहेबांची माणसं यायची तर जीप दिसली असती. खांबाची सावली असेल, असं त्याचं डोकं म्हणालं. उन्हानं डोळे दिपले असतील. मग त्या माणसानं हात खाली घेतला आणि सावकाश हलवला. उकंडरावासाठी नव्हे. थोडं बाजूला, वाटेवरच्या दुसऱ्या कोणासाठी.

"बेबी," तो म्हणाला. "थांब. आता एक पाऊल पुढी टाकू नको. तो मी नाई."

"थांबते," ती म्हणाली. थोडा वेळ नुसती पावलं वाजली. "थांबताच येऊन नाई राह्यलं वो. उतार लागला."

पैनगंगेच्या काठाला त्या टापूत कुठंही उतार नाही. ताटासारखी सपाट जमीन. उकंडराव आला तसा परत पळत गेला. पुलावर पोचला तेव्हा पूल रिकामा होता, आणि वळून पाहिलं तर ती पुन्हा बाभळीपाशी दिसत होती, चालत.

तेव्हा त्याला एकच गोष्ट समजली. का आणि कसं, ते त्याला शेवटपर्यंत समजलं नाही. ती पुलावर दिसणाऱ्या माणसाकडे चालली होती. ती पोचेल तेव्हा तिथं त्यानंच असायला पाहिजे. ती जागा सोडून चालणार नव्हतं.

तो उभा राहिला. साहेबांची माणसं आली, काम करून गेली. त्यांच्यातल्या एकानं केळं दिलं, ते त्यानं वाटेवरची नजर न काढता खाल्लं. ती माणसं वाटेकडं पाहत नव्हती आणि त्यानं दाखवलं नाही. साडेचार वाजले. काठावरच्या झाडांच्या सावल्या लांब पडल्या, बाभळीची तर पाण्यात गेली. बेबीताईची सावली तेवढी तिच्या पावलांखाली, दुपारच्यासारखी गोळा झालेली.

"ऊन लय लागून राह्यलं," ती म्हणाली. "डोक्यावरच हाय." मग म्हणाली, "फोन दोन टक्के दाखवते. ठेवते मी. आलीच."

"ठेवू नको. बेबी, ठेवू नको. बोलत राह्य."

"काय बोलू?"

सदतीस वर्षांच्या संसारात बोलायचं राहिलेलं किती तरी असेल, त्यातलं एकही आठवलं नाही. "मेथीत दान्याचा कूट टाकला का?" त्यानं विचारलं.

"टाकला ना," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

८

पौर्णिमा त्या संध्याकाळीच आली. पोलिसांत कळवलं, गावातली वीस माणसं वाटेनं दोनदा येऊन-जाऊन झाली. कोणाला काही मिळालं नाही. बाप पुलावरून हलत नाही, म्हणून लोक पौर्णिमाला बाजूला घेऊन काही सांगत होते. अंधारात वाट दिसत नव्हती. उकंडराव तरी उभा होता, पुलावरचा दिवा आपल्या अंगावर पडेल असा.

सकाळी धुकं विरलं तेव्हा पौर्णिमा चहा घेऊन त्याच्याजवळ आली. त्यानं काही न बोलता तिची हनुवटी धरून तिचं तोंड वाटेकडं वळवलं.

कप तिच्या हातातून पडला. "आई," ती म्हणाली. आणि तीही पळाली, जशी कोणीही पळेल. अर्ध्या तासानं परत आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

"तिथं नाही ती," पौर्णिमा म्हणाली. "बाबा, इथून दिसते आणि तिथं नाही."

"माईत हाय."

"मग काय करायचं?"

उत्तर भिवाजीकडं होतं, किंवा त्याला वाटलं की आहे. भिवाजी भोई बॅरेजच्या पाण्यात मासे धरायचा. त्याची नाव पुलाखालीच बांधलेली असायची. तो कालपासून सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "दादा, वाटेनं गेलं का ती हरपते. मंग वाटेनं जाऊच नाई. नदीतून जाऊ. काठाकाठानं. वाटेवर पाय न ठेवता तिच्या आंगाशी जाता येईन."

उकंडरावानं लेकीला आपल्या जागी उभं केलं. खांदे धरून, बरोबर त्याच फरशीवर. "अठून हालू नको. कोनी काई म्हनो. ही जागा रिकामी नाई पडली पायजे."

"हो."

"मी येईपर्यंत."

"हो, बाबा."

९

भिवाजी वल्ही आवाज न करता मारत होता. काठावर बेशरमाची झुडपं पाण्यात वाकलेली, त्यांच्यामागं हातभर उंचीवर वाट. पाण्यातून वाट दिसत नव्हती, झुडपांच्या फटीतून तिचे तुकडे दिसायचे. माती, आकाश, माती.

आधी पावलं ऐकू आली. अनवाणी, घाईची, उतारावर माणूस जसं स्वतःला आवरत धावत्या चालीनं येतं, तशी. मग तिचा आवाज.

"हो. हो, आलीच. नाई वो, गार नाई झाला."

ती बोलायची, थांबायची, ऐकायची, हसायची. तिचा फोन काल साडेचारला बंद पडला होता. उकंडरावाचा त्याच्या खिशात होता.

फटीतून ती दिसली. नावेपासून दोन वल्ह्यांवर. हिरवं लुगडं खाली चिंध्या झालेलं. पायांकडं पाहून त्यानं नजर वर घेतली. पदराखाली केस, कालपर्यंत काळ्यात पांढरे होते ते, सगळे कापसासारखे. आणि चेहरा आनंदी. थकून घरी पोचलेल्या माणसाचा असतो तसा.

"बेबी," त्यानं हाक मारली.

तिनं मान वळवली. नदीकडं नव्हे; समोर. पुढच्या झुडपाआडून एक हात आला होता, पिशवी घ्यायला. पांढरी बाही कोपरापर्यंत दुमडलेली. अंगठ्याचं नख काळं.

उकंडरावानं नावेच्या कडेवरचा आपला हात पाहिला. काल गेटाच्या साखळीत सापडून काळं पडलेलं नख.

त्यानं पाण्यात उडी घातली. छातीइतकं पाणी, खाली गाळ. बेशरमाच्या फांद्या मुठींनी धरत, नखं मातीत रुतवत तो वर चढला. वाट दोन्हीकडं रिकामी होती. धुरळ्यावर त्याचीच ओली पावलं, तीही चार-पाच.

भिवाजीनं नाव काठाला आणली आणि त्याला हाताला धरून आत घेतलं. पुलापर्यंत परतताना तो पाण्याकडंच बघत वल्हवत होता. मध्येच, कोणी काही विचारलं नसताना, म्हणाला, "म्या काई नाई पाह्यलं, दादा."

१०

पौर्णिमा जागेवरच उभी होती. वरून तिनं नाव पाहिली तेव्हा ती रडत होती, पण ते रडणं सुटल्याचं होतं. मग नावेत बाप दिसला आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

"तुम्ही परत कसे आलात?" ती म्हणाली. "आई कुठाय?"

"नाई भेटली."

"भेटली ना. मी पाहिलं. तुम्ही तिच्या हातातून पिशवी घेतली. तुम्ही तिचा हात धरला." ती थांबली. त्याचे कपडे पाहिले, गळणारं पाणी पाहिलं. "मग तुम्ही दोघं गावाकडे गेलात. वळणावरून गेलात. मी हात हलवला तर तुम्ही वळून बघितलं."

उकंडराव पायरीवर बसला. वाटेवर आता काहीच नव्हतं. बाभळ, ऊन, पाणी. भिवाजी नाव बांधायची सोडून तसाच उभा होता.

पाऊण तास झाला असेल. तिघांपैकी कोणी हललं नाही. उठून जायचं कुठं, तर घरी. आणि घरी जायचं कोणी म्हणेना. मग पौर्णिमाचा फोन वाजला. गोमतीबाई होती. पौर्णिमानं आवाज मोठा केला.

"पोरी, कायजी करू नको. तुये मायबाप आले घरी," गोमतीबाई सांगत होती. "पाय सोलले तिचे, बाकी बरी हाय. तुया बापानं धरून आनली. मी चहा ठेवला. रडू नको आता."

"काकू," पौर्णिमा म्हणाली. "आईला द्या फोन."

खरखर झाली. भांडं वाजलं. "पौर्णिमा?" बेबीताईचा आवाज होता. दमलेला, तिचाच, खोट काढायला जागा नाही असा. "लय चालली वं माय. आता आली."

पौर्णिमानं फोन बापापुढं धरला. उकंडरावानं तो दोन्ही हातांनी घेतला.

"बेबी," तो म्हणाला. "मी बोलून राह्यलो."

पलीकडं चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला.

"कोन मी?" ती म्हणाली.

त्याला नाव सांगता येईना. तेवढ्यात तिच्या मागून, घराच्या आतल्या अंगानं, कोणीतरी विचारलं, "कोन हाय वं?" उकंडरावानं आपला आवाज असा बाहेरून कधी ऐकला नव्हता. तरी ओळखला.

"माईत नाई," बेबीताई त्या आवाजाला म्हणाली. "राँग नंबर दिसते."

"ठेव मंग."

तिनं ठेवला नाही. तिचा श्वास ऐकू येत होता. पावलं वाजली, ती फोन घेऊन दाराशी आली असावी, कारण अंगणातल्या कोंबड्या ऐकू आल्या. मग तिनं तोंड फोनच्या अगदी जवळ आणलं, आणि आतल्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं,

"तुमी जेवले का?"

"नाई," उकंडराव म्हणाला. पण तोवर फोन कोणीतरी तिच्या हातून घेतला होता.